पोकीजमध्ये अडकलेल्या ॲबोरिजिनल कुटुंबांना मदत करायची तर सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की सोशल वर्कच्या मास्टर्सची प्लेसमेंट कॅथरिनला (ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतलं गाव) लागलीये, पोकीज (जुगाराची मशीन्स) आणि एकूणच जुगारामुळे अडचणीत आलेली ॲबोरिजिनल, म्हणजे इथली मूळनिवासी कुटुंबं तुमच्याकडे येणार, तर तयारी काय करू आणि काय वाचू. मी मूळची कराडची, डार्विनमध्ये नऊ वर्षं फायनान्शियल काउन्सेलर आहे, म्हणजे कर्जात अडकलेल्या माणसासोबत बसून बिलं लावायची, वसुलीवाल्यांना फोन करायचे, आणि हे सगळं फुकट. वाचायचं नंतर बघा. आधी एकच, पहिल्या भेटीत "जुगार" हा शब्द तोंडातून काढू नका.

मी काढला होता. पहिल्याच वर्षी. पन्नाशीच्या एक आँटी (इथे मोठ्या बायकांना आँटीच म्हणतात, आपल्या काकू-मावशीसारखं, आणि परवानगी मिळाल्यावरच म्हणायचं), डायलिसिससाठी गाव सोडून डार्विनला येऊन राहिलेल्या. माझ्या हातात फॉर्म. जुगाराचा त्रास होतो का? हो. बंद करायचाय का? हो. गुरुवारी याल का? हो. मी खूश, सगळ्या चौकोनांवर टिकमार्क, पहिल्याच केसला एवढं यश! गुरुवारी कोणी आलं नाही, पुढच्याही नाही. माझी ॲबोरिजिनल सहकारी हसून म्हणाली, अगं ती तुला हो म्हणत नव्हती, ती तुला कटवत होती. फॉर्म घेऊन बसलेल्या माणसाला हो म्हणून मोकळं व्हायचं, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, कारण ऑफिसवाल्याला नाही म्हटल्यावर काय काय होतं ते त्यांनी भोगलंय. तेव्हा हो-नाहीचे प्रश्न विचारूच नका. "पेमेंटच्या दिवशी सकाळपासून काय काय होतं?" असं विचारा आणि गप्प बसा. अर्धा मिनिट शांतता पसरली तर पसरू दे, आपल्यालाच ती टोचते, त्यांना नाही. नजरेला नजर पण भिडवत बसू नका.

मग खरी गोष्ट बाहेर येते, आणि ती बहुतेक वेळा फ्रीजपासून सुरू होते. इथे बऱ्याच घरांत प्रीपेड मीटर असतात, मोबाईलसारखा रिचार्ज मारायचा, संपला की लाईट गेली. डार्विनच्या उकाड्यात फ्रीज बंद पडला की संध्याकाळपर्यंत मटण वास मारायला लागतं. एका घरी मी गेले तेव्हा मीटरवर सव्वा डॉलर उरला होता आणि घरात नऊ माणसं. त्या दिवशी आम्ही फक्त एवढंच ठरवलं की पैसे जमा झाले की पहिला रिचार्ज, बाकी सगळं मग. घरभाडं सेंटरपेमधून लावून दिलं, म्हणजे सेंटरलिंकचा (सरकारी भत्ते देणारं खातं) भत्ता हातात पडायच्या आधीच भाडं कापलं जातं. पोकीजचं नावही कोणी काढलं नाही, पण जिथे जाऊ नये तिथे जाणारी रक्कम आपोआप लहान झाली.

पोकीज म्हणजे पबमधली, क्लबमधली नाण्या-नोटांची मशीन्स, तुम्हाला ठाऊक असतीलच. पण पत्ते आणि पोकीज एकाच पोत्यात घालू नका. उत्तरेकडच्या गावांत झाडाखाली ब्लँकेट टाकून पत्त्यांचे डाव चालतात, मधे नोटांचा ढीग, बाजूला पोरंबाळं. काही अभ्यासक म्हणतात की हे पत्ते मकासरच्या खलाशांबरोबर आले, ते इंडोनेशियातल्या सुलावेसीहून समुद्रकाकड्या (एक समुद्री प्राणी) गोळा करायला १९०७ पर्यंत या किनाऱ्यावर येत होते. तर त्या डावात जिंकलेला पैसा गावातच फिरतो, आज मी जिंकले तर उद्या तुझ्या घरात पीठ, कधी एखादीकडे एकदम एवढी रक्कम जमते की वॉशिंग मशीन येतं, आपल्या भिशीसारखंच. डाव रात्रभर चालला आणि पोरं उपाशी झोपली असंही होतं, ते मी झाकत नाही. पण पोकीजमधला पैसा गेला की गेलाच, तो परत त्या ब्लँकेटवर येत नाही.

मग तिथे जातात कशाला? मी एका आँटींना, ओळख पक्की झाल्यावर, विचारलं. म्हणाल्या, तिथे एसी असतो, आणि हंबग नसतो. हंबग म्हणजे नातेवाइकांचं सतत "पन्नास दे ना, वीस दे ना". द्यायचं नाही हा पर्यायच नसतो, कारण त्यांच्या रीतीत वाटून घेणं हाच नात्याचा पुरावा, आज दिलं नाहीस तर तू कोण आमची? ज्याच्याकडे पगार किंवा भत्ता येतो त्याच्यामागे दहा माणसं. मशीनसमोर बसलं की दोन तास कोणी काही मागत नाही, आणि जिंकलोच तर सगळ्यांना देता येईल ही आशा पण तिथेच. त्यात कोणी गेलं असेल, म्हणजे सॉरी बिझनेस चालू असेल (सुतक म्हणा हवं तर, पण आठवडेच्या आठवडे चालतं, आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही), तर तेव्हा पाय जास्तच तिकडे वळतात. म्हणून एकट्या माणसाला बंद खोलीत बसवून "नाही म्हणायला शिका" शिकवणं म्हणजे त्याला घरातून तोडायला सांगणं. शक्य असेल तर आँटी, बहीण, सून, सगळ्यांना चहाला बसवा आणि घराचा हिशेब घराने करू दे.

सरकारने वेगळा रस्ता धरला होता. २००७ च्या इंटरव्हेन्शनमध्ये (केंद्र सरकारने ॲबोरिजिनल गावांत केलेला हस्तक्षेप) टेरिटरीतल्या कित्येक गावांत भत्त्याचा निम्मा भाग अडवला, पुढच्या वर्षी तो बेसिक्सकार्डवर गेला, दारू-जुगाराला चालणार नाही असा, आणि त्यासाठी वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सेडूनाला २०१६ मध्ये तर ८० टक्के रक्कम कार्डावर टाकली, ते २०२३ मध्ये गुंडाळलं. कार्डावर किराणा घेऊन अर्ध्या रोखीत विकणारे मी स्वतः पाहिलेत. आणि जिथे १९६६ मध्ये वेव्ह हिल या गुरांच्या फार्मवरचे गुरिंजी जमातीचे गुराखी रेशनवर राबवून घेतल्याबद्दल काम सोडून निघाले (कॅथरिनपासून नैर्ऋत्येला, तुमच्याच वाटेवर म्हणा), तिथे परत "तुझे पैसे आम्ही सांभाळतो" म्हटल्यावर लोकांना काय वाटेल सांगा ना. गंमत म्हणजे देशातल्या बहुतेक ऑनलाइन बेटिंग कंपन्यांना लायसन्स ह्याच टेरिटरीतून मिळतं. गावाला कार्ड आणि कंपनीला लायसन्स.

बाकी कामाचं भराभर सांगते. बेटस्टॉप ऑगस्ट २०२३ पासून आहे, एकदा नाव घातलं की ऑनलाइन आणि फोनवरचं बेटिंग बंद, पण पोकीजला ते लागू नाही, तिथे पब-क्लबचा सेल्फ-एक्सक्लुजन (स्वतःच स्वतःवर बंदी घालून घेणं) वेगळा, आणि तो फॉर्म भरायला माणसाला एकटं पाठवू नका, काउंटरवर फोटो द्यावा लागणार म्हटल्यावर शेम लागते आणि माणूस परत फिरतो. जुगाराची हेल्पलाइन १८०० ८५८ ८५८. रात्री-अपरात्री कोणाचा धीर सुटला तर थर्टीन यार्न, १३ ९२ ७६, तिथे फोन ॲबोरिजिनल माणूसच उचलतो. कर्जासाठी मॉब स्ट्राँग, ॲबोरिजिनल लोकांसाठीचीच हेल्पलाइन. इंग्रजी ही त्यांची तिसरी-चौथी भाषा असू शकते, तेव्हा दुभाषा मागवा, पण त्याच घराण्यातला नको. पुरुषांशी बोलायला पुरुष सहकारी न्या. आणि कॅथरिनमधल्या ॲबोरिजिनल आरोग्य संस्थेतल्या लोकांच्या मागे चाला, पुढे नाही.

आणि हो, ते तुम्हाला आधी विचारतील, तू कुठली? "इंडिया" म्हणून सोडू नका, त्यांना नदी, गाव, आई कुठली, सगळं हवं असतं. त्या डायलिसिसवाल्या आँटी चार महिन्यांनी हॉस्पिटलबाहेर बाकड्यावर भेटल्या तेव्हा मी त्यांना कृष्णा-कोयनेचा संगम सांगितला. त्यांनी विचारलं, मासा कुठला मिळतो? मरळ म्हणजे काय हे बॅरामंडीशी तुलना करून समजावण्यात अर्धा तास गेला, फॉर्म पिशवीतच राहिला. पोकीजचा विषय पुढच्या खेपेला त्यांनीच काढला.