इंग्रजीत सब्जेक्ट-व्हर्ब (कर्ता-क्रियापद) जुळवताना आधी एवढंच पाहा

अरे भाऊ, सगळे नियम एकदम पाठ करत बसू नको, सुरुवातीला दोन-तीन गोष्टी पक्क्या कर, बाकीचं मागून येते.

सगळ्यात जास्त गडबड आपल्या मराठीच्या सवयीने होते. आपण "बाबा ऑफिसला जातात" म्हणतो, आदराचं अनेकवचन, म्हणून इंग्रजीतही "माय फादर गो टू ऑफिस" निघून जाते तोंडातून. तिकडे क्रियापदात असा आदर नसतोच, बाबा असो की मुख्यमंत्री, माणूस एक आहे न, मग "गोज"च. अन् मराठीत "त्याने पोळी खाल्ली, आंबा खाल्ला" असं क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते, इंग्रजीत ते फक्त सब्जेक्टकडे पाहते.

मग हे पाहा:

- वर्तमानकाळात "द बॉय रन्स", पण "द बॉईज रन". नवीन पोरं दोन्हीकडे एस लावून मोकळे होतात.
- "द बॅग ऑफ ऑरेंजेस इज हेवी". नागपूरच्या बर्डी बाजारातून आणलेल्या बॅगेत संत्री कितीही असू दे, जड बॅग आहे, म्हणून इज. "ऑफ ऑरेंजेस" एवढं बोटाने झाकून वाच, लगेच दिसते.
- एव्हरीवन, ईच हे एकवचनीच.

भूतकाळात तर वॉज-वेअर सोडलं तर काही बदलतच नाही, त्याचं टेन्शन नको. नायदर-नॉर, टीम, कमिटी हे अवघड प्रकार सध्या बाजूला ठेव. रोज इंग्रजी पेपरातली चार वाक्यं घेऊन सब्जेक्टखाली रेघ मार, महिनाभर केलं तरी हात बसते, अन् अडलं तर बिनधास्त विचार.