एवढ्याशा गुन्ह्यासाठी जन्मभर बंदूक बंद?

प्रश्न : ताई, आम्ही पेन्सिल्व्हेनियात राहतो. ह्यांच्या ऑफिसातला एक अमेरिकन मित्र वीस वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवताना दुसऱ्यांदा सापडला होता. कोणाला धडक नाही, कोणाला खरचटलंही नाही, काही महिने आत काढून आला आणि तेव्हापासून थेंबाला शिवलेला नाही. थँक्सगिव्हिंगनंतर सगळे नारिंगी जॅकेटं घालून हरणाच्या शिकारीला निघतात तेव्हा हा बिचारा बंदुकीला हात लावू शकत नाही, धनुष्यबाणाच्या सीझनमध्ये एकटा जाऊन येतो. एवढ्याशासाठी जन्मभर शिक्षा? आणि हे म्हणतात एक दिवस माझी रायफल देतो त्याला, चालेल का?

उत्तर : शेवटचा प्रश्न शेवटी घेते, तोवर रायफल कपाटातच राहू दे.

गंमत अशी आहे की गुन्हेगारांना बंदूक बंद करणारा तिथला 1968 चा फेडरल, म्हणजे देशभराचा, कायदा तुम्ही किती दिवस आत होतात हे बघतच नाही, जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकली असती ते बघतो. दुकानात बंदूक घेताना जो फॉर्म भरतात त्यातसुद्धा हेच विचारलंय, की जज तुम्हाला एक वर्षाहून जास्त कैद देऊ शकला असता का, भले प्रत्यक्षात कमी दिली असेल. राज्याच्या किरकोळ गुन्ह्यांना सूट आहे, पण कमाल शिक्षा दोन वर्षांपर्यंत असेल तरच, आणि पेन्सिल्व्हेनियात मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ, म्हणवणाऱ्या काही गुन्ह्यांनाही पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे नाव किरकोळ आणि हिशोब मोठ्या गुन्ह्याचा.

तुमच्याच राज्यातल्या ब्रायन रेंजचं बघा. 1995 मध्ये फूड स्टँपच्या, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, अर्जात कमाई लपवली, रक्कम 2,458 डॉलर. माणूस लोकांची लॉन कापून तीन मुलांचं घर चालवत होता. पैसे परत भरले, जेल नाही, फक्त प्रोबेशन, म्हणजे बाहेर राहून देखरेख, तरी बंदूक गेली ती गेलीच. शेवटी कोर्टात गेला आणि फिलाडेल्फियाच्या अपील कोर्टाने 2023 मध्ये आणि परत डिसेंबर 2024 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. मला हा निकाल पटतो. खोटा अर्ज भरणारा माणूस गोळ्या झाडेल असं कशावरून?

पण म्हणून तुमच्या मित्राचंही तसंच, असं मी म्हणणार नाही. तो निकाल रेंजपुरता आहे, आणि 2020 मध्ये याच कोर्टाने दुसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवलेल्या एकाला नाही म्हटलं होतं. कोणाला लागलं नाही हे नशीब हो, त्यात त्याचं कर्तृत्व काय? वीस वर्षं नीट वागला हे मात्र त्याचं स्वतःचं, आणि ते कुठेतरी मोजलं गेलं पाहिजे असं मला वाटतं. आपल्याकडे बंदूक हा हक्कच नाही, लायसन्स मिळालं तर मिळालं, तरी आपल्या 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये हिंसेच्या गुन्ह्यात कैद झालेल्यालासुद्धा शिक्षा संपल्यावर पाच वर्षांची बंदी आहे, जन्मभराची नाही.

आणि किरकोळ म्हटलं की सगळंच सोडून द्या असंही नको. बायकोला मारल्याचा गुन्हा कागदावर कितीतरी वेळा मिसडिमीनरच असतो, त्यासाठी अमेरिकेत 1996 मध्ये वेगळी बंदी आणली, आणि ती मला शंभर टक्के मान्य आहे. घरात हात उगारणाऱ्याच्या कपाटात बंदूक कशाला हवी?

हक्क परत मिळवायचा अर्ज कायद्यात आहे, पण 1992 पासून अमेरिकन संसदेने तो तपासायला पैसेच दिले नाहीत, म्हणजे खिडकी आहे पण आत क्लार्क नाही. 2025 मध्ये न्याय खात्याने ते काम पुन्हा हातात घेतलंय, तेव्हा मित्राला तिथला वकील गाठायला सांगा.

आता रायफलचं. अजिबात द्यायची नाही, एक दिवस नाही, पाच मिनिटं धरायलाही नाही. माहीत असून दिली तर देणाराही गुन्हेगार, आणि 2022 पासून शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत आहे. ह्यांना सांगा, फारच सोबत करायची असेल तर धनुष्य शिकून घ्या.