गुंड्याला पगार कोण देतं?

प्रश्न : आमचा गुंड्या अडीच वर्षांचा. गल्लीतलंच पिल्लू, आम्ही घरात आणलं. एरवी अगदी गुणी. पण सकाळी कचरागाडीचं गाणं दुरून ऐकू आलं की वेडापिसा होऊन फाटकाकडे धावतो आणि गाडी वळेपर्यंत भुंकतो. मागच्या आठवड्यात तर सफाई मित्राची पँटच धरली. सासरे पेपरची गुंडाळी करून दोन फटके देतात. खाऊ देऊन शिकवू या म्हटलं, तर म्हणतात, "लाच देऊन कुत्रं शिकत नसतं, त्याला धाक लागतो." शिवाय पाहुणे आले की अंगावर उड्या मारतो. काय करावं?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : आधी गुंड्याची बाजू ऐकू. गाडी येते, तो भुंकतो, गाडी जाते. ती तशीही पुढच्या घराकडे जाणारच होती, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या हिशेबी रोज सकाळी एक शत्रू त्याने पळवून लावलेला असतो. आणि आपल्या इंदुरात कचरागाडीचा खाडा नाही, म्हणजे पगारही रोज वेळेवर. असली नोकरी कोण सोडेल?

सासऱ्यांच्या फटक्यांनी हा पगार बंद होत नाही, कारण मार बसला तरी गाडी जातेच. उलट गाणं लागलं की मार बसतो, अशी गाठ गुंड्याच्या डोक्यात पक्की होते आणि गाडी आणखीच नकोशी वाटते. त्यातून धाकाने त्याचं गुरगुरणं बंद झालं, तर ते मला जास्त धोक्याचं वाटतं. गुरगुरणारं कुत्रं निदान सांगून चावतं. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये 92 पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्यांच्या ज्या शाळांत ओरडणं, गळपट्ट्याला हिसके देणं चालायचं, तिथल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तेही जास्त वाढलेलं आढळलं. सासऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा, पण चहा झाल्यावर.

आता लाचेचं. त्यांची शंका अगदीच फोल नाही. हातात बिस्किट नाचवत "ये रे, ये रे" करत बसलं, तर कुत्रं बिस्किट दिसल्याशिवाय हलत नाही. म्हणून खाऊ आधी दाखवायचा नाही. तो खिशात राहू द्या, हवं ते वागणं घडलं की लगेच "हां!" म्हणा आणि मग खिशात हात घाला. ते "हां!" नेमक्या क्षणी निघायला हवं, दोन सेकंद उशीर झाला तर तोवर गुंड्या भलतंच काही करत असतो आणि त्याचंच बक्षीस त्याला मिळतं. डॉल्फिन शिकवणारे शिट्टी वाजवतात ती यासाठीच. हवेत उडी घेतलेल्या डॉल्फिनच्या तोंडात मासा कसा देणार? हवाईमध्ये डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी पुढे हीच रीत कुत्री पाळणाऱ्यांच्या घराघरांत नेली.

गाडीसाठी मात्र क्रम निराळा. तिथे गुंड्याने काही करून दाखवायचं नाही, त्याची भीती काढायची आहे. गाडीचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. दुपारी मागच्या खोलीत अगदी बारीक आवाजात लावा, आणि गाणं सुरू झाल्यावर खाऊ सुरू करा. गाणं बंद की खाऊही बंद. आधी गाणं, मग खाऊ; उलट केलंत तर पुडीचा आवाज आला की त्याला गाडीची आठवण यायची. तो गाणं ऐकून तुमच्याकडे आशेने पाहू लागला, की मगच आवाज एक घर वाढवा. तो खाऊ कसा घेतो तेही बघा. एरवी ओठांनी हळूच उचलणारं कुत्रं ताणात असलं की बोटांसकट ओढतं. तसं झालं किंवा खाणंच सोडलं, तर तुम्ही घाई केलीत. आवाज कमी करा. तोवर खरी गाडी यायच्या आधी त्याला मागच्या खोलीत घ्या आणि फाटकाला आतून ताडपत्री लावा. नाहीतर दुपारी शिकवलेलं सकाळच्या पगारात वाहून जाईल. सफाई मित्रांनाही दोन शब्द सांगून ठेवा, आणि रेबीजची लस वेळेवर झाली आहे ना, ते कार्डावर तपासा.

खाऊचा तुकडा मटाराच्या दाण्याएवढा. बिनमिठाचं उकडलेलं चिकन उत्तम. घरात चालत नसेल तर पनीर किंवा उकडलेलं गाजर. (माझ्या खिशांत हे कायम असतं, वॉशिंग मशीन लावणाऱ्याला विचारा.) सेव मात्र नको. इंदुरात हे सांगणं म्हणजे पाप आहे, पण त्यातलं मीठ-मसाला त्याच्या कामाचा नाही, आणि कांदा-लसूण तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट यांनाही बंदी.

उड्यांचं सोपं आहे. उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की "हां!" आणि लाड. अडचण गुंड्याची नसते, "असू दे हो, मला कुत्री आवडतात" म्हणणाऱ्या काकांची असते. दहांतल्या एका उडीला लाड मिळाले तरी ती सवय जास्त चिवट होते, मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरच्या प्रयोगांतली जनावरंही अधूनमधून मिळणाऱ्या दाण्यासाठी दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ कळ दाबत राहायची. काकांना दारातच सांगा.

प्रश्न : आमची मनी पहाटे चारला ओरडून उठवते. दूध दिलं की गप्प होते.
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : पगार तुम्हीच देताय. ओरडल्यावर उठू नका, रागवायलाही नाही. रात्री झोपण्याआधी तिला दहा मिनिटं दोरीमागे पळवा आणि मग जेवण द्या. पहिले काही दिवस ती आणखी जोरात ओरडेल. नेमक्या त्याच वेळी माणसं हार मानतात आणि मनी शिकते की चढ्या सुरात मागितलं की मिळतं. दूध तसंही बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही. मनी वयस्कर असेल आणि हे अचानक सुरू झालं असेल, तर यातलं काही करण्याआधी थायरॉइड, मूत्रपिंड आणि रक्तदाब तपासून घ्या.