कॉन्ट्रा दिवसभर खेळायचो, आता पंधरा मिनिटांत कंटाळा येतो

प्रश्न : मी 41 वर्षांचा, सांगलीचा. लहानपणी सुट्टीत टीव्हीला व्हिडिओगेम जोडून दिवस दिवस कॉन्ट्रा खेळायचो, कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. मागच्या दिवाळीत हौसेनं प्लेस्टेशन घेतलं पण पंधरा मिनिटांत मन उडतं. आणि "डोळे फुटतील" म्हणून ओरडणारी आई, वय 68, आता रोज दुपारी मोबाईलवर कँडी क्रश खेळते. माझं काही बिघडलंय का?

उत्तर : अजिबात नाही हो. जरा आठवून बघा, कॉन्ट्रा तुम्ही एकटे खेळायचात का? दोन रिमोट, एक तुमच्याकडे एक भावाकडे, मागे गल्लीतली चार पोरं नंबर लावून बसलेली, तीस लाइफचा तो अप अप डाऊन डाऊनवाला कोड एखाद्यालाच पाठ, त्यामुळे त्याचा केवढा भाव! सेव्ह करायची सोय नाही, लाईट गेली की पहिल्यापासून. पण आठ स्टेज झाल्या की गेम संपायचा, आणि सगळे मिळून ओरडायचे. तुम्हाला आवडायचं ते हे सगळं, नुसता गेम नाही.

नंतर सायबर कॅफेत तासावर काउंटर स्ट्राइक आलं, तिथंही शेजारच्या खुर्चीवरून शिव्या यायच्याच. मग 2016 ला जिओमुळे डेटा स्वस्त झाला, 2018 ला पब्जी मोबाईल आलं आणि दोस्त मंडळी हेडफोनमध्ये गेली. 2020 च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली तरी सवय कुठं जातेय, पुढच्या वर्षी बीजीएमआय, म्हणजे पब्जीचाच भारतासाठीचा अवतार, आलंच. म्हणून दार लावून खेळणारा पोरगा एकटा आहे असं मला तरी वाटत नाही, त्याचे मित्र कानात असतात.

आईंचं म्हणाल तर तो गेम त्यांच्या दिवसात बरोब्बर बसतो. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये एक लेव्हल होते, पाच लाइफ संपल्या की नवीन एक यायला अर्धा तास, तेवढ्यात भाजी निवडून होते. तुमच्या प्लेस्टेशनवरचे मोठे गेम मात्र सलग दोनतीन तास मागतात, नोकरी करून घर सांभाळणाऱ्या माणसानं ते आणायचे कुठून?

तर दुसरा कंट्रोलर घ्या आणि रविवारी भावाला बोलवा. फक्त गेम घेताना एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येतो का ते नीट बघा, कारण हल्ली बऱ्याच गेममध्ये दोघांनी खेळायचं म्हणजे दोघांनी आपापल्या घरून, ऑनलाइनच.