जपानच्या पारंपरिक नोह नाटकातले नट इतके संथ का असतात? यामागे काही तत्त्वज्ञान आहे का?

तत्त्वज्ञान आहे, पण ते संथपणाचं नाही, हातचं राखून ठेवण्याचं आहे.

चौदाव्या-पंधराव्या शतकात झेआमीने नोहला घडवलं. तो स्वतः नट, नाटककार आणि नाटकमंडळीचा प्रमुख. त्यामुळे त्याचं लिखाण थेट नटाशी बोलतं. तो म्हणतो, मन दहा भाग हलू दे, शरीर सातच. म्हणजे हात पुढे करायचा, पण मन जिथवर पोचलंय त्याच्या जरा अलीकडेच थांबवायचा. दोन हालचालींच्या मधल्या रिकाम्या जागेत नट काहीच करत नाही, तरी मनाची पकड सुटू देत नाही. तिथेच प्रेक्षक खिळतो, असं त्याचं म्हणणं. मी नाटकात काम करतो, आणि अभिनयाबद्दल इतकं नेमकं वाक्य मला दुसरीकडे क्वचितच सापडलं.

आजची संथ गती मात्र त्याची नव्हे. त्याच्या काळी प्रयोग बरेच वेगाने होत, असं अभ्यासक मानतात. पुढे एदो काळात (1603–1868) नोह शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकांच्या, दरबारी समारंभाची कला झाली आणि गती उतरत गेली.

मुखवट्याचाही यात वाटा आहे. तो लाकडी असतो, डोळ्यांना बारीक भोकं. नटाला समोरचं जेमतेम दिसतं. मंचाच्या कोपऱ्यातल्या खांबावरून तो आपली जागा ओळखतो आणि पाय सरकवत चालतो. मुखवटा किंचित वर उचलला की चेहरा उजळतो, किंचित झुकवला की त्यावर सावली उतरते. रडताना हात फक्त डोळ्यांसमोर येतो, चेहऱ्याला लागतही नाही. घाईत हे काहीच दिसणार नाही.

पाहायला सुरुवात करायची तर ‘सुमिदागावा’ने करा. झेआमीचा मुलगा मोतोमासा याने लिहिलेलं हे नाटक. हरवलेल्या मुलाला शोधत आलेल्या आईला नदीकाठी त्याची समाधी सापडते. शेवटी मुलाचं भूत मंचावर येतं. झेआमीला वाटे, मूल दाखवूच नये, ते फक्त आईला दिसावं. मोतोमासा म्हणाला, मला तसं जमणार नाही. यावर झेआमीचं उत्तर होतं: दोन्ही करून पाहावं, चांगलं ठरेल ते ठेवावं. आजही बहुतेक प्रयोगांत मूल येतं, पण त्याच्याशिवायही प्रयोग होतात. मला बापाचं पटतं.