रेघ वीतभरही हलवू नका

प्रश्न : नारायण पेठेत नदीच्या अंगाला आमचा जुना वाडा आहे. दिंडी दरवाजाशेजारी भिंतीवर लाल ऑइलपेंटची आडवी रेघ आहे आणि तिच्यावर ‘पूर १२-७-६१’ असं लिहिलंय. वाडा आता पुनर्विकासाला चाललाय. बिल्डर म्हणतो, फोटो काढून ठेवा, नंतर ग्रॅनाइटचा छान फलक लावून देतो. आई सांगायची की दारात पुरुषभर पाणी होतं, पण रेघ तर माझ्या छातीएवढीच येते. खरं कोणाचं? आणि सगळे म्हणतात ती निळी पूररेषा हीच का?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : आईचंही खरं आणि रेघेचंही. वाड्यात शिरताना तुम्हाला पायरी उतरावी लागते का, एवढं बघा. लागत असेल तर उत्तर पायाखालीच आहे. एकसष्टनंतर तुमच्या गल्लीत डांबराचे थरावर थर चढलेत. रेघ जागेवरच आहे, वर आलाय तो रस्ता.

माझी सगळी नोकरी लेव्हलचं मशिन खांद्यावर टाकून झाली, त्यामुळे या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, सांभाळून घ्या. तो बुधवार होता. पानशेतचं मातीचं धरण, अजून पुरतं बांधून न झालेलं, सकाळी फुटलं. ते पाणी खडकवासल्यात आलं आणि तिथला जुना दगडी बांधही तुटला. मग शहरात लकडी पूलसुद्धा दिसेना. मी तेव्हा आठ वर्षांचा, शनिवार पेठेत राहायचो. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळालो. परत आलो तर कोठीतले गहू फुगून झाकण उडालेलं आणि आजीचा तांब्याचा बंब तिसऱ्या वाड्याच्या माळ्यावर! तो परत मागायला गेली तर ‘हा तुमचाच कशावरून?’ असं तिला विचारण्यात आलं. (पेठेत पूर ओसरतो, स्वभाव नाही.)

निळ्या रेषेशी तुमच्या रेघेचा संबंध नाही. निळी आणि लाल पूररेषा हे पाटबंधारे खात्याचं गणित आहे : सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येईल त्याची लाल. तुमची रेघ कुणी आकडेमोड करून काढलेली नाही. पाणी तिथवर आलं होतं, बस.

म्हणूनच तो ग्रॅनाइटचा फलक मला पटत नाही. महापालिकेचे गोल निळे फलक तुम्ही पाहिले असतील, अमुक थोर व्यक्ती इथे राहत होती असं सांगणारे. ते दाराच्या डावीकडे लावले काय, उजवीकडे लावले काय, काही बिघडत नाही. पुराची रेघ मात्र वीतभर वर-खाली झाली की खोटी ठरते. लॉबीत लिफ्टशेजारी डोळ्यांच्या उंचीवर लावलेली १२ जुलै १९६१ ही नुसती तारीख झाली.

तेव्हा वाडा पाडण्याआधी एक काम करा. एखाद्या सर्व्हेअरकडून रेघेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून घ्या आणि ती पुनर्विकासाच्या कागदपत्रांत लिहायला लावा. दारापासूनची उंची लिहू नका, दार राहणार नाहीये. खर्च नको असेल तर गवंड्याला बोलवा. त्याच्याकडे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी असते, लेव्हल पाइप म्हणतात. एक टोक रेघेपाशी धरा, दुसरं शेजारच्या न पडणाऱ्या इमारतीवर. दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीत आलं की तिथे छिन्नीने खूण करून ठेवा. अर्थात शेजाऱ्यांना विचारून. नवी इमारत उभी राहिली की तशाच नळीने ती पातळी परत आणा. बहुधा पार्किंगच्या एखाद्या खांबावर येईल. येऊ द्या.

आमच्या वाड्यातली रेघ गेली. पाडापाडीच्या आठवड्यात मी परगावी होतो, आणि माझ्याकडे राहिला तो नुसता फोटो. मापाला शेजारी उभा केलेला माझा भाचा त्यानंतर फूटभर वाढला.

प्रश्न : गणेशखिंड रस्त्यावर रँडवरच्या हल्ल्याची खूण आहे. नेमकी तिथेच का?
— एक विद्यार्थिनी, औंध

उत्तर : कारण घटना त्या रस्त्यावर घडली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ गव्हर्न्मेंट हाउसमध्ये होता. आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. प्लेगच्या घरझडत्यांमुळे पुणेकरांच्या रोषाचा धनी झालेला रँड तिथून परतत असताना ‘गोंद्या आला रे’ हा इशारा झाला. चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. बघायला जाल तर रविवारी पहाटे, आणि पायी. एरवी तिथे गाडीचा वेग जरा कमी केलात की मागचा हॉर्न वाजवायला लागतो.