शांत पडलेल्या पेशंटकडे आधी बघ

मिरजेत आयसीयूच्या अभ्यासावर नव्याने आलीस, म्हणून सांगते. ऑपरेशननंतर आरडाओरडा करणाऱ्या आजोबांची नोंद कुणीही करतं. छताकडे बघत निपचित पडलेल्या आजी निसटतात. 'झोपल्यात' लिहून मोकळी होऊ नकोस, तोही डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, असू शकतो. कॅम-आयसीयू, म्हणजे डिलिरियम ओळखायची चाचणी, करताना त्यांचा हात हातात घे, दहा अक्षरं सावकाश म्हण, ठरलेल्या अक्षरालाच दाबायला सांग. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष टिकत नाही. त्याआधी कानाचं यंत्र लावलंय ना बघ; माझ्याकडून एकदा राहिलं, नोंद चुकली, अजून बोचतं. सकाळी बरा असलेला पेशंट संध्याकाळी भरकटतो, म्हणून दोन्ही वेळा तपास. आणि जतकडचे नातेवाईक असतील तर अभ्यासासाठी संमती घेताना कानडी येणारी सिस्टर सोबत ने.